जात्याची खोली

नीलांबरीबाईंना गाता येत नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे अकोले तालुक्यात त्यांना 'जात्यावाल्या बाई' म्हणू लागले आणि ज्यांनी त्यांना पाहिलं नव्हतं त्यांना वाटायचं, कुणी गोड गळ्याची बाई असेल. प्रत्यक्षात आरतीच्या वेळीसुद्धा त्या नुसते ओठ हलवायच्या. उंच, सडपातळ, चालणं भरभर, खांद्याला कापडी पिशवी. कुणी भेटलं की आधी त्याच्या गुरांची चौकशी करायच्या आणि मग माणसांची. गाईम्हशींची नावं त्यांना पाठ असत. त्यामुळे बेलठाणची माणसं म्हणायची, "बाई बामनाच्या हायेत, पन गोठ्यातल्या वाटतात."

त्या मूळच्या नेवाशाच्या. वडील विष्णुपंत तालुका कचेरीत कारकून. घरात आई, वडील, दोन मुली. थोरली इंदू आणि धाकटी नीलांबरी. इंदू शाळेत हुशार होती, हसरी होती. मॅट्रिकच्या पुढच्या वर्षी ती हळूहळू बोलायची थांबली. का थांबली ते कुणाला कळलं नाही आणि तिला नीट विचारलंही नाही कुणी. घरातलं कुणी वाईट नव्हतं. तिला वेळेवर गरम जेवण मिळे, धुतलेलं पातळ मिळे, डोक्याला तेल मिळे. फक्त पाहुणे आले की ती मागच्या खोलीत असे आणि पाहुण्यांना सांगितलं जाई, "इंदू मावशीकडे गेली आहे." मागच्या खोलीत ती वाती वळत बसे. नीलांबरीचं अर्धं लहानपण हे वाक्य ऐकण्यात गेलं. ग्रामसेविकेची नोकरी लागली तेव्हा निघताना ती इंदूच्या पाया पडली. इंदूने तिच्या हातात वातींचं एक पुडकं ठेवलं.

एकाहत्तर साली बाईंची बदली राजूरकडच्या डोंगरी भागात झाली आणि मुक्कामाला बेलठाण मिळालं. भाताची खाचरं, वर उतारावर नाचणी, जिला तिकडे नागली म्हणतात, आणि वरई, दीडशेच्या आसपास उंबरा. पंचायत समितीची ग्रामसेविका म्हणजे बालवाडी, महिला मंडळ, धूर न होणारी चूल, परसबाग. ही कामं बाई नेटाने करायच्या. धूर न होणारी चूल धूर करायची, तरी करायच्या.

त्र्याहत्तरच्या दिवाळीआधी समितीकडून एक परिपत्रक आलं. 'ग्रामीण युवक-युवतींच्या निकोप मनोविकासार्थ सामुदायिक उपक्रमांस सहायक अनुदान.' विस्तार अधिकारी आबासाहेब यांनी ते राजूरच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे तरण्या पोरापोरींचं मन रमलं पाहिजे, असं सरकारचं म्हणणं आहे. सामान घ्यायचं ते यादीतलंच. खेळ, वाद्यं, पुस्तकं. निम्मं अनुदान आत्ता, निम्मं मी येऊन पाहिल्यावर."

पोरांच्या वाट्याचं काम सोपं झालं. लेझीम आली, व्हॉलीबॉल आला, देवळामागचं पटांगण होतंच. पोरींचा वाटा बाईंकडे आला. जुन्या चावडीची एक कौलारू खोली पंचायतीने दिली. बाईंनी ती स्वतः सारवली. कॅरमबोर्ड आणला, रिंगा आणल्या, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, एक ढोलकी. दुपारी या म्हणून घरोघर निरोप दिला.

पहिल्या दुपारी कुणी आलं नाही. दुसऱ्या दुपारी दोन चिमुरड्या आल्या आणि कॅरमची पावडर नाकाला लावून गेल्या. पुढे भीमाबाई नावाची एक म्हातारी आली. तिने कॅरमबोर्ड उलटापालटा करून बघितला.

"गुळगुळीत हाय," ती म्हणाली. "चार दिस नेऊ का? नागलीचं पापड वाळवाया."

"न्या," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

चूक कुठे झाली ते त्यांना गोजरबाईने सांगितलं. गोजरबाई ही महिला मंडळात नेमाने येणारी, नवरा सूर्यभान, घरची बरी शेती. ती म्हणाली, "बाई, सतरा वर्साची पोर भर दुपारी खेळाया गेली तर तिच्या आईला लोकं काय म्हनतील? कामाला बोलवा. कामाला म्हंजी मी सोता धाडते."

गोजरबाईने हे सांगितलं त्यालाही कारण होतं. तिची थोरली मुलगी चांगुणा सतरा वर्षांची होती. वैशाखात तिची सुपारी फुटली होती. मुलगा बन्सी, पलीकडच्या खोऱ्यातला, दिवाळीनंतर लग्न ठरलेलं. भाताच्या लावणीत त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. पाच-सहा जणींनी चांगुणाला पांढऱ्या पायाची म्हणून घेतलं, मग तेही थांबलं. पण त्या दिवसापासून चांगुणाच्या तोंडचा शब्द गेला. सांगितलं तेवढं काम करायची, समोर आलं तेवढं खायची, नाही आलं तर नाही. सूर्यभानने तिला भगताकडे नेलं. भगताने लिंबू उतरवलं, वारं लागलंय म्हणाला. ते काही गेलं नाही. शेवटी सूर्यभानने ठरवलं की पोरीचं लग्न उरकायचं. घोटीकडचं एक स्थळ होतं, बिजवर, पहिली बाळंतपणात गेलेली, दोन लेकरं. "संसाराला लागली का येईल ठिकानावर," तो म्हणायचा. दुष्ट माणूस नव्हता. त्याला दुसरा उपाय ठाऊक नव्हता.

बाई गोजरबाईच्या घरी पहिल्यांदा गेल्या तेव्हा चांगुणा भिंतीकडे तोंड करून तांदूळ पाखडत होती. बाई ओट्यावरच थांबल्या. ती पाठ त्यांच्या ओळखीची होती. नेवाशाच्या मागच्या खोलीतली पाठ अशीच दिसायची.

त्या दिवसापासून त्यांचं अनुदानाकडे बघणं बदललं. वीस पोरींचं मन रमो न रमो, या एका पोरीला घोटीला धाडण्याआधी तिच्या तोंडून हो किंवा नाही, काहीतरी निघालं पाहिजे, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. कसं, ते मात्र कळेना.

वाट निघाली ती डिझेलमुळे. बेलठाणला दोन वर्षांपूर्वी मच्छिंद्रने इंजिनावरची पिठाची गिरणी घातली होती. तिच्या फटफट आवाजाची सगळ्यांना सवय झाली होती आणि घरोघरची जाती बाहेर गेली होती. कुणाची वरची तळी ओट्याची पायरी झाली, कुणाची खालची तळी धुणं आपटायला ओढ्यावर गेली. त्या हिवाळ्यात डिझेल मिळेनासं झालं. मच्छिंद्र राजूरला कॅन घेऊन जायचा आणि रिकामा परत यायचा. गिरणी आठवड्यातून एखादा दिवस चाले, तेव्हा रांग देवळापर्यंत. नवीन नागली घरात येऊन पडलेली आणि दळायला जातं नाही, अशी गत झाली.

सगळ्या गावात धड जातं एकच उरलं होतं, भीमाबाईचं. तिने ते लग्नाच्या हळदीसाठी जपलं होतं. हळद काही गिरणीवर दळत नाहीत. ज्याच्या घरी लग्न तो ते जातं उचलून न्यायचा आणि परत आणून द्यायचा. आता बायका टोपली घेऊन तिच्या दारात बसू लागल्या. तिचं दार अरुंद, आत शेरडं बांधलेली.

बाई तिला म्हणाल्या, "भीमाआजी, तुमचं जातं चावडीच्या खोलीत मांडू या का? जागा आहे, उजेड आहे."

"आन् तुमचा त्यो गुळगुळीत पाट?"

"तो तुमच्याकडेच राहू द्या."

मग ओढ्यावरून आणि पायऱ्यांतून आणखी दोन जाती जमली. वरची तळी एका घरची, खालची दुसऱ्या घरची, असं जुळवाजुळव करून. तळ्यांना टाकी लावून त्या खरबरीत करणारी बाई खालच्या गावाहून आली, दिवसभर दगड ठोकत बसली, आणि घरोघरून सूपभर भात घेऊन गेली. खोलीत तीन जाती मांडली. आणि ज्या खोलीत पोरी खेळायला येत नव्हत्या, तिथे दळायला येऊ लागल्या. घरून टोपली घेऊन निघालेल्या पोरीला कुणी नावं ठेवत नाही.

पहिले काही दिवस नुसती घरघर. जात्यावर बसायची सवय मोडलेली, खुंटा धरून हाताला फोड आलेले. भीमाबाईने एक ओवी म्हटली, पोरी हसल्या. मग एकीने पुढची म्हटली, सासरहून माघारी आलेल्या दुसरीने सासूवर म्हटली, ती ऐकून हसता हसता पोरींचे हात थांबले.

भीमाबाईने तेव्हा एक कायदा सांगितला. तो तिचा नव्हता, जुनाच होता, गिरणी आल्यावर पोरी विसरून गेल्या होत्या. जात्यावर म्हटलेलं जात्यावरच ठेवायचं. ऐकणाऱ्याने घरी न्यायचं नाही, आणि म्हणणारीला त्यावरून बोलायचं नाही. "माझ्या सासूला मी जात्यावर काय काय म्हनलंय," ती म्हणाली. "ती आत निजून समदं ऐकायची. उठली का येवढंच इचारायची, पीठ बारीक आलंय का?"

गोजरबाई चांगुणाला टोपली देऊन धाडू लागली. चांगुणा यायची, भीमाबाईच्या समोर बसायची, खुंट्याला हात लावायची आणि दळायची. तोंड मिटलेलं. बाईंना राहवलं नाही. एका सकाळी त्यांनी तिच्याजवळ बसून, इतरांच्या देखत, विचारलं, "चांगुणा, तुझ्या मनात काय आहे ते मला सांगशील का?" चांगुणा उठली, टोपली तशीच ठेवून गेली आणि आठवडाभर आली नाही.

भीमाबाई बाईंवर चिडली. "तुमी दारात बसून तांदूळ निवडा," ती म्हणाली. "त्ये तुमास्नी बरं जमतं."

तेव्हापासून बाई खोलीच्या दारात सूप घेऊन बसू लागल्या. पोरींकडे पाठ, तोंड रस्त्याकडे. आठवड्याने चांगुणा आली. बाईंनी तिच्याकडे न बघता तिच्या गाईची चौकशी केली. चांगुणाने मान हलवली आणि आत गेली. पौष असाच गेला. ती अजून गात नव्हती, पण समोरची ओवी म्हणू लागली की तिचा हात ओवीच्या चालीवर फिरायचा, हे भीमाबाईने पाहिलं होतं आणि बाईंना डोळ्यांनी दाखवलं होतं.

माघात आबासाहेब पाहणीला आले. सडकेला जीप सोडून पायी वर आले होते, त्यामुळे घामाघूम. मोठ्या अंगाचे, मिशीवाले, गुळाचा चहा आवडणारे गृहस्थ. खोलीच्या दारात उभे राहून त्यांनी आत पाहिलं. तीन जाती, सहा पोरी, दोघी नंबर लावून बसलेल्या, कोपऱ्यात ढोलकी, हवेत पीठ.

"बाई, हे काय?"

"युवती मंडळ, साहेब."

"कॅरम कुठाय?"

"पापड वाळताहेत त्याच्यावर."

आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "सरकार गावोगाव गिरण्या घालायला मदत देतंय आणि तुम्ही सरकारच्याच अनुदानात जाती मांडलीत. वर मी काय सांगू? जातं हे ना खेळात, ना वाद्यात."

"जात्यांना अनुदानातलं काही लागलेलं नाही. गावातलेच दगड आहेत."

"पण मंडळात चाललंय ते दळणच ना?"

बाई उत्तर देणार तोच पायवाटेने सूर्यभान आला. डोक्याला नवा पटका, पायात करकरीत वहाणा. घोटीचे पाहुणे अचानक येऊन घरी बसले होते. बिजवर, त्याचा भाऊ आणि मामा. चहा ठेवलेला होता आणि पोरगी दळायला गेलेली. त्याने साहेबांना रामराम केला आणि दारातूनच हाक दिली.

"चांगुने, ऊठ. पाव्हनं आल्यात बघाया."

आत भीमाबाईचं आणि चांगुणाचं जातं चालू होतं. चांगुणाचा हात थांबला नाही. भीमाबाई मान वर न करता म्हणाली, "जात्याच्या तोंडात घास हाय, सूर्यभाना. सूप रितं व्हईस्तवर उठू नाही, ठावं न्हाई तुला? लग्नाचं बोलनं करायचं आन् जातं अर्धं सोडायचं?"

सूर्यभानला ठाऊक होतं. अर्धं जातं सोडून उठणं शुभ नव्हे, आणि आज तर नव्हेच. तो थांबला. आबासाहेबही थांबले, त्यांची वाट अडवून सूर्यभान उभा होता म्हणून. बाई मध्ये सूप घेऊन बसलेल्या. आत चांगुणापुढच्या सुपात अजून दोन-तीन ओंजळी नागली असेल.

एक ओंजळ जात्यात गेली आणि चांगुणाने ओवी धरली. आवाज जड होता, वापर नसल्यासारखा. पहिला शब्द नीट उमटलाही नाही. तिने तो पुन्हा घेतला.

नागली दळीते, जातं फिरे भराभरा
नाव घ्यायाच्या आधी गं सोडून गेला घरा

बाकीच्या दोन्ही जात्यांची घरघर थांबली. पोरी एकमेकींकडे न बघता बसून राहिल्या. भीमाबाईने पुढचा घास घातला आणि खुंटा ओढत राहिली.

रडाया बसू कशी, जो तो इचारी नातं
आता माझ्या संगं रडं मुक्या दगडाचं जातं

बाईंनी तांदूळ निवडायचे थांबवले नव्हते, पण खडे आणि तांदूळ एकाच बाजूला जात होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांना सूर्यभानच्या वहाणा तेवढ्या दिसत होत्या. त्या हलत नव्हत्या.

बाप माझा बोले, उजवायाची लई घाई
पहिल्याचं सुतक बाई, अजून फिटलं न्हाई

सूप रितं झालं. चांगुणाने तळीभोवतीचं पीठ हाताने सावकाश गोळा केलं, टोपलीत भरलं, पदराला हात पुसले आणि उठून दारात येऊन उभी राहिली. बापाकडे बघितलं नाही, खालीही बघितलं नाही. समोरच्या डोंगराकडे बघत राहिली. आबासाहेब कौलांकडे बघत होते.

सूर्यभानला जात्याचा कायदा माहीत होता. त्याच्या आईने त्याच्या बापावर जात्यावर काय म्हटलं होतं तेही त्याला आठवत असणार. त्याने डोक्यावरचा पटका सारखा केला. मग घसा खाकरून म्हणाला,

"पीठ बारीक आलंय का?"

"आलंय," चांगुणा म्हणाली.

त्याने तिच्या हातातली टोपली घेतली, नव्या पटक्यावर ठेवली आणि चालू लागला. बेलठाणात पुरुषाने दळण डोक्यावर घेतलेलं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. चांगुणा चार पावलं मागे चालत गेली.

घरी काय झालं ते गोजरबाईने संध्याकाळी सांगितलं. सूर्यभानने टोपली चुलीपाशी ठेवली, पटक्यावरचं पीठ तसंच, आणि पाहुण्यांपुढे बसून म्हणाला, "एवढ्यात जमायचं न्हाई. आमच्या घरात सुतक हाय."

मामाने विचारलं, "कुनाचं?"

"जावयाचं," सूर्यभान म्हणाला.

पाहुण्यांनी चहा घेतला आणि गेले. राग धरून गेले, पण भांडले नाहीत. सुतकाच्या घरी कोण भांडणार? सुतक हा शब्द सूर्यभानला कुठे सापडला ते त्याने कधी सांगितलं नाही आणि बायकोनेही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात तो गोजरबाईला म्हणाला, पोरीला पलीकडच्या खोऱ्यात बन्सीच्या आईकडे नेऊन आण. त्या गेल्या. बन्सीच्या आईने चांगुणाला पाहिलं, उठून मिठी मारली आणि दोघी दिवसभर रडल्या. येताना तिने चांगुणाला बन्सीची घोंगडी दिली.

चांगुणा लगेच पहिल्यासारखी झाली असं नाही. मध्येच गप्प व्हायची. तिचं लग्न पुढे तीन वर्षांनी झालं, तिला विचारून झालं, अकोल्याजवळ दिली.

आबासाहेबांचं सांगायचं राहिलं. सूर्यभान आणि चांगुणा गेल्यावर त्यांनी गुळाचा चहा घेतला, दुसरा मागून घेतला आणि बाईंना म्हणाले, "उरलेलं अनुदान येईल. मी पोरी पाहिल्या, हजेरी चांगली आहे. जातं मी पाहिलेलं नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "परिपत्रक मी बैठकीत वाचलं, पण मन रमवायचं म्हणजे नक्की काय, ते मला तेव्हा विचारलं असतंत तर मी व्हॉलीबॉलच म्हणालो असतो."

"मी कॅरम म्हणाले होते," बाई म्हणाल्या.

त्या चैत्रात नीलांबरीबाई रजा काढून नेवाशाला गेल्या आणि विष्णुपंतांना म्हणाल्या, इंदूला महिनाभर माझ्याकडे नेते. विष्णुपंत निवृत्त झाले होते, थकले होते. म्हणाले, "अगं, लोक विचारतील, कुठे गेली. काय सांगू?"

"मावशीकडे गेली म्हणून सांगा. इतकी वर्षं सांगतोच आहोत. आता एकदा खरंच कुठेतरी जाऊ दे."

विष्णुपंतांनी स्वतः एसटीत बसवून दिलं. बेलठाणला इंदू आठवडाभर खोलीतून बाहेर आली नाही. नंतर एक दिवस बाईंच्या मागोमाग चावडीपर्यंत आली, दारात बसली, दुसऱ्या दिवशी आत गेली. डिझेल तोवर मिळू लागलं होतं, गिरणी रोज फटफटत होती, तरी पोरी निम्मं दळण घेऊन चावडीत यायच्याच. इंदू चांगुणाच्या जात्यापाशी बसू लागली. खुंट्याला हात लावत नसे. जात्याच्या तोंडात घास घालायचं काम तिने घेतलं. वाती वळून वळून तिची बोटं फार हलकी झालेली होती, दाणा सांडायचा नाही.

महिना सरत आला होता. बाई दारात सूप घेऊन बसल्या होत्या, तोंड रस्त्याकडे. आत चांगुणा दळत होती आणि मध्येच वैतागून म्हणाली, "मावशे, घास लई घालती तू. खुंटा जड झालाय. जरा दमानं."

"बरं," इंदू म्हणाली.

बाईंच्या हातातलं सूप थांबलं. पंधरा वर्षांनी ऐकलेला आवाज होता तो, थोडा जाड झालेला, पण इंदूचाच. उठून आत जावं असं त्यांना वाटलं. पण ते जात्यावरचं बोलणं होतं. त्या बसून राहिल्या आणि उरलेले तांदूळ निवडू लागल्या.